टेकडीवर कुणीच नव्हतं

नॉर्डल, डाकोटा
३ मे १९१३

सुनिवा,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच नाव लिहिलं आहे. ओरेगॉनचा पत्ता पोस्टमास्तरांनी शोधून दिला. तू अजून जिवंत आहेस हेही त्यांच्याकडूनच कळलं. बरं झालं. तू गेली असतीस तर आज मी विचारलं असतं कुणाला?

एकच गोष्ट विचारायची आहे. आयविन कुठे आहे?

घाबरू नकोस, तुझ्या बहिणीला वेड लागलेलं नाही. माझा नवरा १८८५च्या हिवाळ्यात गेला हे मला कुणी सांगायला नको. न्यूमोनियाने त्याची छाती भरली होती, माझे पाय गोठून काळे पडले होते, आणि त्याने शेवटचा श्वास घेतला त्याच दिवशी मला घोंगड्यांत गुंडाळून रेल्वेच्या गावी दवाखान्यात नेलं. जमीन दगडासारखी गोठलेली. त्याला धान्याच्या कोठारात ठेवलं आणि बर्फ वितळल्यावर तुम्ही पुरलं. मी बोटं गमावून ऑक्टोबरात परत आले तेव्हा माझ्याच घराच्या दारात तुझा नवरा मिकेल उभा होता. म्हणाला, "टेकडीवर पुरलंय त्याला. कॉटनवुडच्या झाडाखाली." तू त्याच्या मागे मान खाली घालून उभी होतीस. तुला लाज वाटत असेल असं मी समजले.

तेव्हापासून दर वसंतात मी त्या झाडाखाली फुलं ठेवते. बोटं नसलेल्या पायांनी टेकडी चढायची म्हणजे काय ते तुला कळणार नाही. पण गेले, दरवर्षी गेले. भांडलेसुद्धा त्याच्याशी तिथे बसून.

आज तिथे खणलं. इथे आता जुन्या वसाहतकरांचं मंडळ झालं आहे. रेल्वे यायच्या आधी जे या मुलखात आले त्यांची नावं कोर्टासमोरच्या मोठ्या शिळेवर कोरायची आणि त्यांच्या कबरींवर लहान दगड बसवायचे असं चाललंय. मंडळाचे चिटणीस पर्डीसाहेब, वर्तमानपत्रवाले, हॅट घालून उभे. खणत होता टोस्टेन. ती जमीन आता त्याची आहे. चांगला माणूस आहे, माझ्याखातर त्याने टेकडीवर कधी नांगर घातला नाही. त्याने हातभर खणलं आणि थांबला. ढेकूळ हातात घेऊन फोडलं.

"काकू, ही माती कुणी उकरलेलीच नाही."

"अरे, नीट बघ."

"बघतोय की. ही मुळं बघा. देवाने घातली तशीच आहेत. एकदा कुदळ लागली की माती पुन्हा अशी बसत नाही. इथं कुणी नाही, काकू."

मी त्याला झाडाच्या चारही बाजूंनी खणायला लावलं. बिचारा घामाने निथळला. कुठेच काही नाही. पर्डीसाहेब मला म्हणाले, "होतं असं, बाई. वय झालं की आठवणी सरकतात." माझ्या आठवणी सरकतात! या माणसाला आपली हॅट कुठे ठेवली ते आठवत नाही.

सुनिवा, मी इतकी वर्षं कुणासमोर बसून रडत होते? मला उत्तर हवं आहे. बाकी तुझ्याकडून काहीही नको. आयविनची ती निळी पेटी, जिच्या दर्शनी फळीवर त्याच्या बापाने त्याचं नाव आणि साल रंगवलं होतं, तीही मी आले तेव्हा घरात नव्हती. तुम्ही नेली असणार. ठेव. मला पेटी नको आहे. माणूस कुठे आहे तेवढं सांग.

बेरित


नॉर्डल
१४ मे

सुनिवा,

पत्र पोचून उत्तर यायला एवढे दिवस पुरतात, मी पोस्टात विचारून घेतलं आहे. तेव्हा पत्र मिळालं नाही असं म्हणू नकोस.

काल मंडळाची सभा झाली. मी पहिल्या बाकावर बसले, चांगली टोपी घालून, म्हणजे कुणी वेडी म्हणायला नको. पर्डीसाहेबांनी नियम वाचला. शिळेवर नाव यायचं तर तीनपैकी एक पुरावा हवा. एक, सरकारचा जमिनीचा पट्टा. दोन, कबर. तीन, त्या वेळी इथे असलेल्या दोन जणांची शपथ.

मी उभी राहिले. म्हटलं, "मी घेते शपथ. या जमिनीवर पहिला नांगर आयविनने घातला. पहिली विहीर त्याने खणली. तुमच्यापैकी निम्म्यांच्या आईबापांनी त्या विहिरीचं पाणी प्यायलंय."

"बायकोची शपथ धरता येत नाही, बाई," पर्डी म्हणाले. "जमिनीच्या कचेरीतही तोच नियम होता. तुम्हाला ठाऊकच आहे."

"मग दुसरे कुठून आणू? सगळे मेले की."

"तेच तर. आणि कचेरीत त्या जमिनीवर नाव आहे मिकेल ब्रोटेन यांचं. वसाहतीचं साल १८८३."

"मिकेल आला चौऱ्याऐंशीत! आमच्याच घरी जेवायला होता तो!"

"पट्ट्यावर तसंच लिहिलंय. आयविन नावाचा माणूस कचेरीच्या कागदांत कुठेच नाही."

कसा असेल? पाच वर्षं जमीन कसल्यावर पट्टा मिळायचा आणि तो दुसऱ्याच वर्षी मेला. मी विधवा म्हणून पुढे कसली असती. पण बाई दवाखान्यात पडली आहे, जमिनीवर राहत नाही, जमीन सोडून गेली, असा अर्ज तुझ्या नवऱ्याने केला आणि जमीन त्याची झाली. जे टिकले त्यांचीच नावं कागदावर आली. जे मेले, जे हरून परत गेले, ते या मुलखात कधी आलेच नव्हते. आणि आता तेच दगडावर कोरणार आहेत.

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "होता तरी का हा नवरा?" हसले चारजण. मी मागे वळून पाहिलं नाही. वळले असते तर टोपीची सुई काढून भोसकलं असतं कुणाला तरी.

त्याच सभेत माझा एक अर्ज मात्र मंजूर झाला, आणि त्याचा मला आनंदही होऊ नये! माझ्या घरासमोरून जो रस्ता जातो तो तुला आठवत असेल. तुझी जमीन आणि माझी आताची जमीन यांच्या मधल्या हद्दीवरचा. साऱ्या काउंटीत रस्ते सुतासारखे सरळ, आणि हा एकटा माझ्या खिडकीसमोर पोटात कळ आल्यासारखा वाकतो. पूर्वी तिथे धोंड्यांचा ढीग होता. ते धोंडे मी कधीच उचलून तळघराच्या पायऱ्यांना लावले, पण चाकोरी पडली ती पडली, गाड्या आपल्या वाकड्याच जातात. दर शनिवारी अंडी घेऊन बाजारात निघाले की त्या वळणावर दोन-चार फुटतात. किती वर्षं मी त्या वळणाला शिव्या घालते आहे! आता मोटारी आल्या म्हणून रस्ते खणून सपाट करायचं यंत्र येणार आहे. टोस्टेनच रस्त्यांचा मुकादम आहे. म्हणाला, "जूनमध्ये सरळ करून देतो, काकू." रस्ता सरळ होईल. माझं काय?

दोन माणसं हवीत. त्या वेळी इथे असलेली आणि आज जिवंत असलेली दोनच माणसं राहिली आहेत. एक तू. दुसरा कोण ते मला लिहायला लावू नकोस.

बेरित


नॉर्डल
२० मे

मिकेल ब्रोटेन यांस,

हे पत्र मी लिहिते आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नाही. सुनिवा उत्तर देत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. ती आजारी असेल तर तसं कळवा. तुम्ही तिची पत्रं तिला देत नसाल तर तेही कळवा, निदान मी शाई वाया घालवणार नाही.

जमिनीचा विषय मी काढत नाही. ती तुम्ही घेतली, विकली, खाल्ली. मी रस्त्यापलीकडे दुसरी घेतली आणि तिच्यावर जगले. झालं ते झालं.

मला दोन गोष्टी हव्यात. आयविनला नक्की कुठे पुरलं ते सांगा, टेकडीवर तो नाही. आणि तो १८८३ साली या जमिनीवर राहत होता असं शपथेवर लिहून द्या. एवढंच लिहा. तुम्ही काय केलं ते लिहू नका. त्याने पहिल्या हिवाळ्यात तुम्हाला स्वतःचं घोंगडं दिलं होतं. ते आठवून लिहा.

मी आजवर कुणापुढे नाक घासलं नाही. तुमच्यापुढे घासते आहे. नावं कोरायला देण्याची शेवटची तारीख २० जून आहे.

बेरित, आयविनची बायको


नॉर्डल
३ जून

सुनिवा,

तुझ्या नवऱ्याचं उत्तर आलं. तू नाही लिहिलंस, त्याने लिहिलं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीने माती उकरल्यासारखं.

जागेबद्दल म्हणतो, टेकडीवरच पुरला. सुनिवानेच पुरला, मी त्या दिवशी कचेरीत गेलो होतो, तिने टेकडी सांगितली. म्हणजे जागा तुला एकटीलाच ठाऊक आहे, हे मी समजले. त्या दिवशी तो कचेरीत कशाला गेला होता तेही समजले. आयविन जमिनीत जायच्या आधीच त्याची जमीन मागायला गेला होता.

शपथेबद्दल म्हणतो, देईन, पण पट्ट्याविरुद्ध देणार नाही. म्हातारपणी कुणी मला खोटारडा म्हणायला नको. लिहायचं तर असं लिहितो: मिकेल ब्रोटेन, १८८३, आणि त्याच्याकडे कामाला असलेला आयविन. दोघांची सही करून पाठवतो, सुनिवा मी सांगेन तिथे सही करते.

गडी! आयविन, ज्याने ते गवत पहिल्यांदा उलटं केलं, त्याच्याच जमिनीवर गडी. आणि कुणाचा गडी? ज्याला त्याने जेवू घातलं त्याचा. वाचून माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी पत्र चुलीत घालायला उठले. चुलीपर्यंत गेले. मग उभी राहिले तिथेच.

आणि सुनिवा, मी होकार कळवला.

काय करू? तारीख तोंडावर आली आहे. आज पर्डीसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, गडी म्हणून आलं तरी नाव येतं ना. काय हरकत आहे?" मी म्हटलं, "काही नाही. लिहा. गडी म्हणून लिहा." ते मान खाली घालून लिहीत होते. मी त्या लेखणीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बेरित, तुझी जीभ झडली का नाही अजून.

भूक नाही, झोप नाही. हल्ली मी एक लोखंडी सळई घेऊन टोस्टेनच्या शेताच्या बांधाबांधाने फिरते. सळई जमिनीत खुपसायची आणि हाताला पोकळ लागते का बघायचं. पेरलेल्या गव्हातूनही गेले. त्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानेच मला लांब सळई आणून दिली. रस्त्याने जाणारे थांबतात, बघतात. एक बाई म्हणाली, "काय शोधताय हो, बटाटे?" मी म्हटलं, "नवरा." ती घोड्याला चाबूक मारून गेली.

मी मेल्यावर त्याला ओळखणारं इथे कोण राहणार? मूल झालं असतं तर गोष्ट निराळी. आमचं मूल त्याच हिवाळ्यात पोटातच गेलं, तेही तुला ठाऊक आहे. मी आहे तोवर आयविन आहे. माझं हृदय हल्ली मधेच अडखळतं, डॉक्टर नुसती मान हलवतो. म्हणून मी त्याला गडी करून घेतलं. नसण्यापेक्षा गडी बरा.

तुला एवढंच सांगते. उद्या त्या शिळेसमोर बँड वाजेल, सगळे टोप्या काढतील आणि मिकेलचं नाव वर, आयविनचं खाली वाचतील, तेव्हा मी तिथे उभी असेन आणि टाळ्या वाजवीन. तू मात्र तिथे ओरेगॉनला समुद्राकडे बघत बस. बस खुशाल.

बेरित


नॉर्डल
१० जून

सुने,

बघ, लहानपणी हाक मारायचे तशी हाक मारते आहे. इतकी खाली आले आहे मी.

टोस्टेन आज येऊन अंगणात उभा राहिला, हॅट हातात घेऊन. "काकू, वाईट वाटून घेऊ नका. टेकडीवर आता नांगर घालू का? तिथं कुणी नाही म्हटल्यावर..." मी घाल म्हटलं. झाडही पाड म्हटलं. त्याने झाड ठेवलं, बाकी सगळं उलटं केलं. नांगरामागे मी शेवटच्या तासापर्यंत चालले. तू विचारशील कशाला. तरीही वाटत होतं, निघेल कुठेतरी, म्हणून.

सोमवारी रस्त्याचं यंत्र येतंय. सगळीकडे उकरणार, सपाट करणार. या मुलखात आता उकरायचं काही शिल्लक राहणार नाही.

तो नदीकाठी आहे का? विहिरीत टाकला का तुम्ही? खरं सांग, मी रागावणार नाही. लांडग्यांनी नेला असेल, कोठाराचं दार उघडं राहिलं असेल, तर तेही सांग. काहीही सांग. तुझ्या गप्प राहण्यापेक्षा लांडगा बरा.

मी तुझे पाय धरते, सुने. मोठी बहीण धाकटीचे पाय धरते.

बेरित


नॉर्डल
२२ जून, रविवार

प्रिय सुने,

आज शब्द आपणहून आला. खोडला नाही.

तुझं पाकीट गेल्या आठवड्यातल्या शनिवारी आलं, यंत्र यायच्या दोन दिवस आधी. पोस्टाची पेटी रस्त्याच्या कडेला आहे, मी तिथेच उभी राहून फोडलं. पहिलीच ओळ: "ताई, तू त्याला गडी म्हणून लिहून दिलंस हे वाचलं आणि मला राहवलं नाही."

पुढचं मी पेटीला धरून वाचलं. आता इथे पुन्हा लिहून काढते, कारण लिहिलं की खरं वाटतं.

"मिकेल जमिनीवर अर्ज करणार हे मला मार्चमध्येच कळलं होतं. मी त्याला अडवू शकले नाही. आणि सोडूनही जाऊ शकले नाही, पोटात पेडर होता. जमीन त्याला मिळणार होती. आयविन त्याला मिळू नये, त्याच्या अंगावर मिकेलचा नांगर कधी फिरू नये, एवढंच माझ्या हातात होतं. हद्दीवरचा रस्त्याचा पट्टा कुणाचाच नसतो, तो कुणाला नांगरता येत नाही, विकता येत नाही. मिकेल कचेरीत गेला त्या दिवशी मी बैल जोडून आयविनला ओढून त्या पट्ट्यात नेलं आणि तिथे पुरलं. लाकूड नव्हतं म्हणून निळी पेटी फोडली आणि फळ्या त्याच्यावर घातल्या. वर धोंडे रचले, म्हणजे गाड्या त्याच्यावरून जाणार नाहीत. मिकेलला टेकडी सांगितली. तू परत आलीस तेव्हा तो दारात होता, मी बोलू शकले नाही. मग तू नेमकं आयविनसमोर, रस्त्यापलीकडे घर बांधलंस. मला वाटलं तुला कळलं. म्हणूनच तिथे बांधलंस असं मी इतकी वर्षं समजत होते, ताई."

मी मान वर केली. वळण समोरच होतं.

मी ते घर तिथे बांधलं कारण ती जमीन स्वस्त होती, सुने. आणि मला काही कळलं नव्हतं. मी त्या ढिगातले धोंडे उचलून तळघराच्या पायऱ्यांना लावले. त्या पायऱ्यांवरून मी रोज बटाटे आणते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चच्या दारात टोस्टेनला गाठलं. तो म्हणाला, "काकू, यंत्र भाड्याने आणलंय, उद्या थांबवता येणार नाही. तुम्हीच अर्ज केला होता ना सरळ करायचा?" मी म्हटलं, "केला होता. आता मीच आडवी येते." सोमवारी यंत्र आलं, आठ घोडे जुंपलेलं, मागे लोखंडी पातं. मी माझी बग्गी वळणावर आडवी घातली, घोडा सोडून दिला आणि वर बसले. हाकणारा कुणी बाहेरचा होता. "ए म्हातारे, बाजूला हो!" टोस्टेनने त्याला गप्प केलं. पर्डीसाहेबही मोटार घेऊन आले, वर्तमानपत्राला बातमी हवीच असते.

"बाई, पुराव्याशिवाय रस्ता अडवता येत नाही," पर्डी म्हणाले.

"मग खणा. मी तेच म्हणते आहे ना."

टोस्टेनने कुदळ बाजूला ठेवली आणि फावड्याने हळूहळू माती काढायला लागला. थोडं खाली गेल्यावर एक मूठ उचलली, फोडली आणि माझ्याकडे पाहिलं. "ही उकरलेली आहे, काकू."

मग तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी काढू लागला. फळ्या काळ्या पडल्या होत्या, बऱ्याच कुजल्या होत्या. वरची एक म्हणजे तीच दर्शनी फळी, आपण दोघींनी कितीदा पुसली होती, आठवतं? ती फळी पालथी होती. रंगाची बाजू तू खाली, त्याच्याकडे ठेवली होतीस. टोस्टेनने ती उलटी केली आणि अंगरख्याच्या बाहीने पुसली. निळा रंग फारसा उरला नव्हता, पण पांढरी अक्षरं होती. आयविन. बापाचं नाव अर्धं. १८८१. ज्या वसंतात आम्ही नॉर्वेहून निघालो ते साल.

पर्डींनी हॅट काढली. मग त्यांनी ते अक्षरन् अक्षर मोठ्याने वाचलं, आणि चिठ्ठीवर लिहून घेतलं, आणि मला दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. मी म्हटलं, "गडी शब्द खोडा आधी." त्यांनी माझ्यादेखत खोडला.

पास्तर म्हणाले चर्चच्या आवारात हलवू. मी नको म्हटलं. तू त्याला जिथे ठेवलंस तिथेच तो राहील. टोस्टेनने यंत्रवाल्याला वळणाच्या अलीकडून परत फिरवलं. मी विचारलं, वरच्या लोकांना काय सांगशील? तो म्हणाला, "सांगेन की रस्त्यात दगड लागला. खोटं नाही ते, मंडळाचा दगड बसणारच आहे तिथं." तळघराची एक पायरी काढून दिली मी त्याला, पायथ्याला लावायला. उरलेल्या पायऱ्या अजून जागेवर आहेत. मी आता त्यांच्यावरून जपून उतरते.

कबर सापडली म्हणून कुणाच्या शपथेची गरज उरली नाही. तरी तू पाकिटात घातलेली तुझी शपथ, मिकेल चौऱ्याऐंशीत आला ती, मी पर्डींना दिली. शिळेवर आयविन त्र्याऐंशी, आणि त्याच्या खाली मिकेल, खऱ्या सालासकट. तू ती सही करून आलीस तेव्हा घरात काय झालं ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही. इथे एक खोली रिकामी आहे, खिडकी रस्त्याकडे उघडते. एवढंच कळवते.

काल शनिवार. अंडी घेऊन निघाले. वळणाशी आल्यावर सवयीने तोंडावर शिवी आली, आणि मी लगाम खेचला. सुने, इतकी वर्षं दर शनिवारी मी त्या जागेला शिव्या घातल्या. मोठ्याने, तोंड भरून, आई-बापावरून. सगळ्या त्यानेच ऐकल्या असणार. मी बग्गीतच बसून रडले आणि मग हसले. लग्न झाल्यापासून त्याला माझ्या शिव्यांची सवय होतीच.

तुझी ताई,
बेरित